लातूर २०१६ : वाया गेलेलं पाणी मोजायचं कसं?

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलेलं होतं. पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चपासूनच टाक्यांभोवती कलम १४४, म्हणजे जमावबंदी लागू होती. आणि तीनच दिवसांनी बातमी आली की त्याच जिल्ह्यात बेलकुंडला, मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी केलेल्या हेलिपॅडवर, धूळ उडू नये म्हणून सुमारे दहा हजार लिटर पाणी मारलं. लोक भडकले. भडकणारच.

आता जरा हिशोब करून बघू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३.८ लाखांच्या आसपास. म्हणजे त्या पहिल्या रेल्वेतून माणशी सव्वा-दीड लिटर! हेलिपॅडवर साधारण साडेसात हजार माणसांचा वाटा ओतला गेला.

पण याच आकड्याची दुसरी बाजू अभ्यासात सहसा सुटते. मिनिटाला एक लिटर गळणारा व्हॉल्व्ह दिवसाला १,४४० लिटर घालवतो, सात दिवसांत १०,०८०. म्हणजे एक हेलिपॅड. त्याचा ना फोटो, ना बातमी. जिथे घरोघरी मीटर नाहीत तिथे तर गळती म्हणजे निव्वळ अंदाज.

मग 'हेलिपॅडवरचा राग फुकाचा होता' असं म्हणायचं का? मला नाही पटत. लोकांचा प्रश्न किती लिटर हा नव्हताच. कुणासाठी ओतलं, हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, तेव्हाही मुद्दा प्राधान्याचाच होता.

गळणाऱ्या व्हॉल्व्हची नोंद मात्र वैतागलेला रहिवासीच करतो. म्हणून पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाची तक्रारवही मला वर्तमानपत्राच्या कात्रणांइतकीच मोलाची वाटते. तिच्यात जागा कळते, तारीख कळते. प्रवाह किती ते कळत नाही. शिवाय ती नळ असलेल्यांची वही. टँकरवाल्या वस्तीत पाइपच नाही, तर गळतीची तक्रार कोण करणार? ही त्रुटी प्रबंधात लिहावीच लागते.

वही हाती आलीच, तर तक्रारीची आणि दुरुस्तीची तारीख शेजारी-शेजारी उतरवून घ्या. दुरुस्तीचा रकाना कोरा असेल तर तोही कोरा म्हणून नोंदवा. स्वतः भरू नका.