कोविडकाळातील रुग्णसेवा : संस्था आणि कर्मचाऱ्यांना मिळालेले अर्थसाहाय्य

कोविड-१९ साथीच्या काळात केंद्र सरकारने रुग्णसेवेतील कर्मचारी व संस्थांना प्रामुख्याने विमा, भविष्य निर्वाह निधी आणि कर्जहमी या मार्गांनी साहाय्य केले. कोणाची सेवा सरकारदरबारी कशी नोंदली गेली आहे, यावर या लाभाची व्याप्ती ठरली.

विमा : गरीब कल्याण पॅकेजअंतर्गत ३० मार्च २०२० पासून सुमारे २२.१२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण लागू झाले. त्यात आशा सेविका व सफाई कर्मचाऱ्यांचाही समावेश होता. वयोमर्यादा किंवा वैयक्तिक नावनोंदणीची अट नव्हती. खासगी कर्मचाऱ्यांसाठी मात्र सरकारने सेवा अधिग्रहित केलेली असणे आवश्यक होते.

याच अटीवरून वाद उद्भवला. नवी मुंबईतील एका खासगी डॉक्टरच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये वेगळा निर्णय दिला. साथरोग कायदा लागू करून डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्याच होत्या. त्यामुळे स्वतंत्र पत्र नसल्याने दावा बाद ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. मृत्यू कोविडविषयक कर्तव्य बजावताना झाला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र दावेदारावरच आहे.

भविष्य निर्वाह निधी : मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात कर्मचारी व मालक यांची मिळून वेतनाच्या २४ टक्के वर्गणी केंद्राने भरली. शंभरपर्यंत कर्मचारी आणि त्यांपैकी ९० टक्क्यांचे वेतन १५ हजार रुपयांहून कमी, अशा सर्व क्षेत्रांतील आस्थापनांसाठी ही सवलत होती. सर्वसाधारणपणे २० पेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना निधीचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे निधीत नोंद नसलेली लहान शुश्रूषागृहे आणि घरोघरी रुग्णसेवा करणारे या लाभाबाहेर राहिले.

कर्जहमी : मे २०२१ मध्ये रुग्णालये व शुश्रूषागृहांना प्राणवायू प्रकल्पांसाठी दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर पूर्ण हमी देण्यात आली. व्याजाची कमाल मर्यादा ७.५ टक्के होती.

आशा सेविका : त्यांना कोविडच्या कामासाठी केंद्राकडून दरमहा एक हजार रुपयांचा अतिरिक्त प्रोत्साहन भत्ता मिळाला. त्यांचा दर्जा मानद स्वयंसेविकेचा असल्याने हा मोबदला वेतनात गणला गेला नाही. त्यामुळे वेतनाशी जोडलेल्या निधीच्या सवलतीचाही त्यांना उपयोग नव्हता.