तगाई, दिढी आणि भाताचा राब

जयपूरच्या चारदीवारीत बदलीवर येऊन राहिलेल्या मराठी माणसाला या नगरीचा इतिहास सांगणारे बहुधा सवाई जयसिंहाचे ज्योतिष, विद्याधराची आखीव पेठरचना आणि १७२७ हे स्थापनेचे साल एवढे सांगून थांबतात. हे नगर ज्या शेतसाऱ्यावर पोसले गेले त्याची कथा सहसा कोणी काढीत नाही. जयपूर संस्थानाच्या अठराव्या शतकातील परगणेवार हिशेबांची दप्तरे, ज्यांस 'अडसट्टे' म्हणतात, बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्या काळच्या कागदांवरून अभ्यासकांनी ग्रामजीवनाचे जे चित्र उभे केले आहे, त्यात 'तकावी' हा शब्द पुनःपुन्हा भेटतो. बैल मेला, बियाणे सरले, विहीर खोदावयाची झाली, म्हणजे दरबार रयतेस आगाऊ रक्कम देई व पीक हाती आल्यावर ती वसूल करी. दरबाराचा हात आखडला की बोहरा, म्हणजे गावचा सावकार, पुढे येई. आपली 'तगाई' ती हीच. मराठी राज्याच्या दप्तरांत ती आहे. इंग्रजांनी १८८३ व १८८४ साली कायदे करून तिला नवे रूप दिले. महसूल खात्यात हयात घालविलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी तगाईच्या नोंदी स्वहस्ते केल्या असतील.

शब्द एक असला तरी पीक निराळे, आणि पिकाप्रमाणे कर्जाची जातही निराळी. जयपूरच्या भोवतालची शेती बाजरीची, जवाची आणि विहिरीच्या पाण्याची. आमच्या कोकणात भात. भाताला पैसा लागतो तो नेमका मृगापासून आषाढापर्यंतच्या थोड्या आठवड्यांत: नांगरट, पेरणी, चिखलणी, लावणी. आणि त्याच वेळी घरातली कणगी रिकामी झालेली असते. म्हणून लहान शेतकऱ्याचे पहिले कर्ज शेतीसाठी नसतेच, ते पोटासाठी असते. त्यास 'खावटी' हे नाव आहे. ती खावटी पूर्वी धान्यरूपाने मिळे आणि दिढीने फेडावी लागे: पावसाळ्यात एक मण नेला तर सुगीला दीड मण. व्याजाचा हा दर वर्षाचा नव्हे, चारपाच महिन्यांचा, हे ध्यानात घेतले म्हणजे कोकणी कुळाच्या दारिद्र्याचा निम्मा उलगडा होतो.

दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. तेथे सुप्यास ज्यांचे रोखे जाळले गेले त्या सावकारांत मारवाडी व गुजर होते. मारवाडी तर याच राजस्थानातून तिकडे गेलेले. परका सावकार ओळखणे सोपे असते. कोकणात मात्र धान्य देणारा, जमीन देणारा आणि वसूल करणारा हा पुष्कळदा एकच पुरुष असे. तो म्हणजे खोत. अर्धेलीने जमीन करणाऱ्या कुळाने अधिक खत घालून अधिक पिकविले तर वाढीव पिकाचाही अर्धा वाटा खोताच्या खळ्यात जाई आणि उरलेल्यातून दिढी वळती होई. अशा माणसाने शेतीत सुधारणा केली नाही म्हणून त्यास आळशी आणि रूढिग्रस्त ठरविणारे अहवाल आमच्याच पेशातल्या लोकांनी लिहिले आहेत. आम्हांस तो निवाडा मान्य नाही. त्याचा हिशेब लिहिणाऱ्यापेक्षा पक्का होता.

राबाचेच उदाहरण घ्या. रोपे वाढवावयाच्या जागेवर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण व गवत पसरून पावसापूर्वी ते जाळावयाचे, ही कोकणातील जुनी रीत. जंगल खात्याने हिला झाडांची नासाडी म्हटले. ठाणे-कुलाब्यात त्यावरून इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ साली मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले. परंतु राबाने जमीन भाजून निघते, तण मरते, राख खत होते, आणि या सर्वास रोकड एक पै लागत नाही. ज्याला पत नाही त्याने शोधलेले ते तंत्र होते.

पतीचा मूळ प्रश्न मालकीचा आहे हे अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी ओळखले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली त्यांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि १९३९ पर्यंत शेते पडीक ठेवली. भातावर जगणाऱ्यांनी सहा पावसाळे लावणी करू नये, लाकडे तोडून, मोलमजुरी करून दिवस काढावेत, याची कल्पना ज्याने भरल्या शेताकाठी पावसाळा काढला आहे त्यासच येईल. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, असा तो क्रम सर्वपरिचित आहे.

जमीन अशी कुळाच्या नावावर येत असतानाच जपानी भातशेती आली. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले आणि १९५३ साली केंद्र सरकारने ती देशभर नेली. तेव्हाचे कृषिमंत्री, आपले पंजाबराव देशमुख, तिचे मोठे पुरस्कर्ते. राबाऐवजी गादीवाफे, थोडे बियाणे, ओळीने लावणी, भरपूर खत, वेळेवर कोळपणी. रीत उत्तमच. परंतु राबाला घरची मजुरी पुरे. इथे अमोनियम सल्फेटची गोणी विकत आणावयाची आणि ओळीच्या लावणीस वाढीव माणसे लावावयाची, तीही भर आषाढात, जेव्हा खिसा आणि कणगी दोन्ही रिकामे.

त्याच सुमारास गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणी अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. धनंजयराव गाडगीळ तिचे एक सभासद. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांची ती पाहणी. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळे ते सुमारे ३ टक्के, सरकारकडून, म्हणजे तगाई वगैरे धरून, तेवढेच. सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात. समितीने सुचविले की जमिनीच्या तारणाऐवजी उभ्या पिकाच्या भरवशावर कर्ज द्यावे आणि माल विकला जाताना ते वळते करून घ्यावे. ही पीककर्जाची योजना महाराष्ट्रात रुजली व उसाच्या प्रदेशात फळास आली, कारण तेथे कारखाना आहे. ऊस गेला की कर्ज कापून रक्कम हाती येते. कोकणातील गुंठ्यांनी मोजावयाचे भात बाजारात जातच नाही. ते घरी शिजते. मग कर्ज कशातून वळते करावयाचे? जे विकत नाही त्याच्यासाठी ही योजना घडविलेलीच नव्हती, आणि हा दोष योजनेचा, शेतकऱ्याचा नव्हे.

मग कोकणातील भातशेतीला भांडवल दिले कोणी? आमच्या मते मुंबईच्या गिरण्यांनी. रत्नागिरीचा माणूस गिरणगावात राही आणि दरमहा मनिऑर्डर पाठवी. त्यातून बैल येत, लावणीची मजुरी भागे, सोसायटीचा हप्ता फिटे. कुठल्याही बँकेच्या ताळेबंदात न दिसणारी ही पतपेढी होती, आणि घरापासून दूर राहून पगारातला वाटा गावी धाडणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचे मोल वेगळे सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. गिरणगावातील हानीविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या मनिऑर्डरीवर लावणी होत असलेल्या खाचरांविषयी फार थोडे.

या पार्श्वभूमीवर डॉ. नारायण कृष्णाजी सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीकडे पाहावे असे आम्हांस वाटते. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात. १५ व २५ सेंटिमीटर अंतर आलटून पालटून नियंत्रित लावणी. आणि चार चुडांच्या मध्ये एक, अशी युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमची ब्रिकेट हाताने खोल खोचणे. खत वरून फेकले म्हणजे पाण्याबरोबर वाहून जाते. खोल पुरलेले मुळांनाच पोचते, म्हणून थोडक्यात भागते. लावणीला माणसे अधिक लागतात, आणि गावोगाव घरे बंद झालेली असताना ती अडचण लहान नाही. पण चारांपैकी पहिल्या दोन सूत्रांना कर्ज लागत नाही. राख घरच्या तुसाची, पाला स्वतःच्या बांधावरचा.