स्त्रीदिनचर्या : आहार, श्रम व प्रसाधन यांचा ऐतिहासिक विचार

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. ब्राह्ममुहूर्तीं उठावें, दंतधावन करावें, डोळ्यांत अंजन घालावें, नित्य अभ्यंग करावा व तेल विशेषेंकरून मस्तक, कान आणि पाय यांस लावावें. व्यायाम करावा, उटणें लावावें, मग स्नान करावें आणि पूर्वींचें अन्न जिरल्यावर हितकर व मित असें जेवावें, असा त्याचा उपदेश आहे. या ग्रंथाचा महाराष्ट्राशीं संबंध जुना. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत त्यावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली. हल्लीं स्त्रियांच्या आरोग्यासंबंधीं जें लेखन नियतकालिकांतून येतें, त्यांत बहुधा असें गृहीत धरलेलें असतें कीं, आमच्या आज्या-पणज्यांचा दिवस म्हणजेच ही दिनचर्या. जातें हा त्यांचा व्यायाम, हळद हें त्यांचें प्रसाधन आणि उपास हें त्यांचें लंघन. या समजावर उभारलेला उपदेश आजच्या स्त्रियांस रोज केला जातो. तेव्हां त्याला साधनांचा आधार कितपत आहे, हें पाहणें अगदींच निरुपयोगी ठरणार नाहीं.

प्रथम वाग्भट बोलतो कोणाशीं, हें पाहूं. याच अध्यायांत तो केश, नखें आणि श्मश्रु आंखूड ठेवण्यास सांगतो, आणि स्त्रियांवर फार विश्वास टाकूं नये व त्यांस स्वातंत्र्य देऊं नये असेंही बजावतो. यावरून त्याचा श्रोता घरचा कर्ता पुरुष आहे हें उघड होतें. स्त्रीच्या दिवसाचें शास्त्र दुसरीकडे शोधावें लागतें.

तें सविस्तर सांपडतें तंजावरास. भोसल्यांच्या त्या दरबारांतील पंडित त्र्यंबकयज्वा यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्त्रीधर्मपद्धति नांवाचा संस्कृत निबंध रचला. स्मृतिपुराणांतील वचनें जुळवून स्त्रीनें पहांटेपासून रात्रीपर्यंत काय करावें हें त्यांत क्रमानें लावलेलें आहे. ज्यूलिया लेस्ली या विदुषीनें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथामुळें तो अभ्यासकांच्या विशेष परिचयाचा झाला. त्र्यंबकाच्या मतें स्त्रीनें पतीच्या आधीं उठावें, देवतांचें चिंतन करावें, आणि लगेच कामास लागावें: धान्य सिद्ध करणें, केर काढणें, शेणानें सारवणें, उंबरठ्याची पूजा, गाईंची पूजा. हें झाल्यावर मग शौच, दंतधावन आणि स्नान. दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचले म्हणजे भेद डोळ्यांत भरतो. पुरुषाची पहांट त्याच्या स्वतःच्या शरीरापासून सुरू होते, स्त्रीची घराच्या शरीरापासून. अभ्यंगाच्या आणि व्यायामाच्या जागीं तिच्या वांट्यास धान्य आणि सारवण आलें आहे. त्या श्रमांपासून तिच्या देहास कोणता गुण येतो, याचा विचार करण्याचें त्या निबंधास कारणच नव्हतें.

आतां जात्याविषयीं. दळण हा व्यायाम होय कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर वैद्यकग्रंथांतच मिळतें. वाग्भट म्हणतो, व्यायामानें अंग हलकें होतें, काम करण्याची शक्ति येते, अग्नि प्रदीप्त होतो, मेद झडतो. परंतु तो करावा कोणीं व किती? बलवान् असून जो स्निग्ध अन्न खातो त्यानें. तोही आपल्या शक्तीच्या निम्मा, आणि शीतकालांत व वसंतांत. इतर ऋतूंत त्याहूनही मंद. अतिव्यायामानें तहान, क्षय, श्वास, रक्तपित्त, ग्लानि, खोकला, ज्वर व वांति हे विकार होतात, अशी यादी त्यानें दिली आहे. शक्तीचा निम्मा भाग संपला हें ओळखावें कसें, याची खूण सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत आहे: हृदयस्थ वायु तोंडावाटे येऊं लागला, म्हणजे माणूस तोंडानें धापा टाकूं लागला, कीं अर्धें बल खर्चीं पडलें असें समजावें. ही खूण इतकी सुबोध आहे कीं आजही ती कोणासही सांगण्यास हरकत नाहीं.

जात्याला हें माप लागू पडत नाहीं. दळणाचें माप पायलीनें आणि घरांतील तोंडांनीं ठरतें. ज्वरी अंगांत असो, वैशाख असो, रात्रीं पोटांत स्निग्ध सोडा पण पुरेसें अन्नही गेलेलें नसो, सकाळच्या भाकरीपुरतें पीठ पडलेंच पाहिजे. शेतावर जाणाऱ्या कुणबिणीस तर हें पहांटेचें काम दिवसाच्या कामाची केवळ नांदी होती. म्हणून दळणास वैद्यकाच्या भाषेंत व्यायाम म्हणणें मला सयुक्तिक वाटत नाहीं. तो श्रम होय.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूनें सांगितली पाहिजे. ओवी गातां गातां जी दळते तिचा श्वास तोंडानें धापा टाकण्याइतका सुटलेला असूं शकत नाहीं. सुटला तर ओवी तुटेल. तेव्हां गाणें हेंच श्रमाला आंवर घालणारें एक माप झालें असावें, असा माझा तर्क आहे. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढीत, त्यांतही तोच हेतु दिसतो. ओव्यांचा पुरावा फार मोठा आहे. गी प्वातवाँ व हेमा राइरकर यांनीं पुण्यास राहून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेड्यापाड्यांतून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. पण ओवीचा जुना उल्लेख जात्याजवळचा नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत (शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा ग्रंथ) महाराष्ट्रांतील स्त्रिया ओवी गातात ती कंडनाचे वेळीं, असें म्हटलें आहे. कंडन म्हणजे कांडण. उखळ-मुसळाचें काम, जात्याचें नव्हे. यावरून त्या काळीं जातें नव्हतें असें मात्र कोणीं अनुमान काढूं नये. फिरत्या जात्याच्या तळ्या सातवाहनकालीन स्थळांच्या उत्खननांत मिळाल्या आहेत; आणि पाट्यावर रगडण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी, इनामगांवच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीइतकी तरी जुनी आहे. विसाव्या शतकांत पिठाची गिरणी गांवोगांव पोंचली, आणि बायांनीं जातें सोडलें तें कोणाच्याही उपदेशाची वाट न पाहतां. ज्यांनीं तें ओढलें त्यांचें मत त्यांतच कळून येतें.

आहाराचा विचार करतांना काय खाल्लें याइतकेंच केव्हां व कोणामागून खाल्लें हें महत्त्वाचें ठरतें. घरांतील स्त्रीनें सर्वांच्या शेवटीं उरलेलें खावें, ही रूढि शास्त्रोक्त समजली जाते. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडून पाहिला तर निराळें दिसतें. नवविवाहिता सुवासिनी, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांस अतिथींच्याही आधीं, मनांत कांहीं न आणतां जेवूं घालावें, असें तेथें स्पष्ट विधान आहे. याज्ञवल्क्यही तेंच सांगतो, व त्यांत बालक व वृद्ध यांची भर घालतो. मग अतिथि, मग सेवक. आणि शेष अन्न कोणाचें? दोन्ही स्मृतिकार द्विवचन वापरतात: दंपतीचें, म्हणजे पति व पत्नी दोघांचें. एकाच पात्रावर बसण्यास मनूचा पुढें निषेध आहे, हें खरें. पण शेवटीं जेवण्याचा भार दोघांवर होता. व्यवहारांत त्यांतील एक उठून आधीं पंक्तीस बसला आणि दुसरी तेथेंच राहिली. त्र्यंबकयज्व्याच्या निबंधांत पतीनंतर, त्याचें उच्छिष्ट सेवन करणें हाच पत्नीचा नियम झालेला आढळतो. द्विवचनाचें एकवचन केव्हां झालें, याचा मागोवा घेण्यासारखा आहे. ही गोष्ट निव्वळ भूतकाळांतील असती तर बरें होतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. त्याचीं कारणें अनेक आहेत, आणि पंक्तीचा क्रम हें त्यांतील एकमेव कारण नव्हे. परंतु जिच्या पानांत भाजी-वरण पोंचेपर्यंत पातेल्याचा तळ लागतो तिला रक्त वाढविण्याच्या सूचना देणें सोपें आहे.

उपासाची कथा याहून मौजेची आहे. ज्या हेमाद्रीनें वाग्भटावर टीका केली त्यानेंच चतुर्वर्गचिंतामणि रचून त्याच्या व्रतखंडांत शेंकडों व्रतें संगृहीत केलीं, आणि त्यांतील पुष्कळ स्त्रियांस विहित आहेत. एका हातानें मित व हितकर आहाराची टीका, दुसऱ्या हातानें वर्षभर पुरून उरतील इतके उपास! मात्र आजच्या उपासाचें ताट हेमाद्रीसमोर ठेवलें असतें तर त्यांतील बहुतेक जिन्नस त्यास ओळखतां आले नसते. बटाटा, रताळें, भुईमूग व मिरची या चारही वनस्पति अमेरिकेंतल्या. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर त्या इकडे आल्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही अमेरिकेचाच, आणि सेलमच्या परिसरांत त्या धंद्याची वाढ झाली ती १९४० नंतर. जुने म्हणावे ते वरी आणि शिंगाडा. साबुदाण्याच्या खिचडीस प्राचीन पथ्य समजून तिचे गुण गाणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. ती रुचकर आहे याबद्दल माझा वाद नाहीं.

जुन्या स्वयंपाकघराची खरी माहिती हवी असेल तर रघुनाथ गणेश नवहस्ते याचें भोजनकुतूहल पाहावें. हाही ग्रंथकार तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाचा. परशुराम कृष्ण गोडे यांनीं त्याचा काल इ. स. १६७५ ते १७०० असा ठरविला, आणि १९५६ सालीं त्याचा भाग त्रिवेंद्रम येथें छापून निघाला. पदार्थांचे वैद्यकोक्त गुण व भोजनाचे नियम त्यांत एकत्र आले आहेत. त्याच दरबारांत थोड्याच वर्षांच्या अंतरानें भोजनकुतूहल आणि स्त्रीधर्मपद्धति हीं दोन पुस्तकें तयार व्हावीं, एकांत अन्नाचे गुण आणि दुसऱ्यांत तें रांधणारीनें केव्हां खावें याचा नियम असावा, हा योग चमत्कारिक खरा.

प्रसाधनाच्या बाबतींतही हाच प्रकार दृष्टीस पडतो. उटण्यानें कफ हटतो, मेद विरघळतो, अवयव दृढ होतात व त्वचा स्वच्छ होते, असे उद्वर्तनाचे गुण वाग्भटानें सांगितले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीचा एक अध्याय आहे. त्याचा आरंभच केस काळे करण्याच्या कृतीनें होतो. लोखंडी भांड्यांत आंबटाबरोबर कोद्रवाचे (आपल्या हरकाचे) दाणे शिजवून, लोहचूर्णासह वाटून तो लेप डोक्यास लावावा, वर ओलीं पानें बांधावीं, आणि पुढें आंवळ्याचा लेप द्यावा. लोखंडाच्या कढईंत आंवळा किंवा मेंदी भिजत घालणाऱ्या आजच्या गृहिणीस ही कृति ओळखीची वाटेल. पण तो लेप राजोपभोगाच्या प्रकरणांतला आहे, आणि पिकल्या केसांची चिंता तेथें पुरुषाची आहे. स्त्रीच्या हळदीसंबंधीं बोलतें तें पुराण. स्कंदपुराणाच्या काशीखंडांत म्हटलें आहे कीं, पतीचें आयुष्य इच्छिणाऱ्या पतिव्रतेनें हळद, कुंकुम, सिंदूर, काजळ, चोळी, तांबूल, मंगलालंकार व केशरचना हीं टाकूं नयेत. त्याच द्रव्यानें पुरुषाची त्वचा उजळते आणि स्त्रीच्या अंगावर तें पतीचें आयुष्य वाढवितें! अर्थात् पति निवर्तल्याबरोबर तें तिच्याकडून कां काढून घेतलें जाई, याचा उलगडाही येथेंच होतो. जातां जातां एक शब्दाची गोष्ट. संस्कृतांत कुंकुम म्हणजे केशर. मराठींतलें कुंकू हळदीस चुना किंवा तशाच क्षाराचा संस्कार देऊन तांबडें केलेलें असतें. श्रीमंतांच्या केशराचें नांव गरिबांच्या हळदीस मिळालें, ही त्या द्रव्याची बढतीच म्हणावयाची.

या सर्वांत एक सन्मान्य अपवाद आहे, तो बाळंतिणीचा. चरकाच्या शारीरस्थानांत सूतिकेस पिंपळी वगैरे घालून स्नेह पाजावा, पोटास तूप-तेल चोळून तें मोठ्या वस्त्रानें घट्ट बांधावें, आणि मग पातळ यवागू द्यावी, असा विधि आहे. आपल्याकडील शेकशेगडी, अंगाला तेल लावणें, पोट बांधणें, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा हा सारा परिपाठ त्या विधीच्या जातीचा दिसतो. येथें मात्र स्त्रीचें शरीर हाच शास्त्राचा व घराचा विषय होतो. ती बसते आणि दुसरे तिला चोळतात, ती आधीं खाते आणि घर मागाहून. दुर्दैवानें हें सुख सव्वा महिन्याचें.

मग स्त्रियांस स्वेच्छेनें केलेला व्यायाम म्हणून कांहीं होता कीं नाहीं? होता, पण वैद्यकाच्या पोथ्यांत त्याची दाद नाहीं. श्रावणांतल्या मंगळागौरीच्या जागरणांत फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा हे खेळ रात्रभर चालत. बैठका, उड्या, तोल, वेग आणि श्वास यांची त्यांत जी कसोटी लागते ती आखाड्यांतल्याहून फारशी कमी नाहीं. दम लागला कीं एकीनें बाजूस व्हावें आणि दुसरीनें पुढें यावें, हा सुश्रुताचा अर्धशक्तीचा नियम तेथें कोणीं न शिकवितां पाळला जाई. पुढें औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, संस्थानांतील शाळांत ते सुरू केले, आणि स्त्रियांनींही ते घालावेत असा आग्रह धरला. १९३८ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकांत नमस्कारांबरोबर आहाराचाही विचार आहे.

या विषयाचीं खरीं साधनें अजून माळ्यांवर व फडताळांत आहेत. सासरीं आलेल्या मुलीनें आईकडून उतरवून आणलेल्या पदार्थांच्या वह्या, उटण्याच्या व बाळंतकाढ्याच्या याद्या, किराण्याचे खर्च टिपलेले कागद हे दप्तराइतकेच मोलाचे आहेत, आणि दप्तरांहून लौकर नष्ट होतात. मंगळागौरीच्या खेळांचीं नांवें, त्यांतील हातापायांची ठेवण आणि ते किती वेळ चालत, हें ज्यांच्या स्मरणांत आहे त्या आज ऐंशीच्या घरांत आहेत. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्यांची नक्कल करून, गांव व अंदाजें साल घालून, ती या त्रैमासिकाकडे पाठवावी.