लीळाचरित्राचे पाठ आणि माझ्या प्रकरणाच्या दोन प्रती

संशोधनाची तयारी करताना आपण विषय कसा निवडायचा, संदर्भ कसे द्यायचे हे शिकतो. लिहिलेलं कसं सांभाळायचं, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. आज त्यावर बोलू.

आधी माझी फजिती सांगतो. उदगीरच्या लढाईवर एक प्रकरण लिहीत होतो. ३ फेब्रुवारी १७६० ची ही लढाई. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवलं. घरी लॅपटॉप, एसटीत मोबाईल, कॉलेजात तिसराच कॉम्प्युटर, असं माझं लेखन चालायचं. एकदा किल्ल्यात बसून तहात मिळालेल्या मुलखाचा आकडा मोबाईलवर दुरुस्त केला. रेंज नव्हती, फाईल वर चढलीच नाही. रात्री लॅपटॉपवर जुनी प्रत उघडली, तिच्यात दोन पानं वाढवली आणि तीच सरांना पाठवली. सरांनी नेमकी त्या आकड्याखाली लाल रेघ ओढली. दुरुस्ती केलेली होती, पण ती दुसऱ्या प्रतीत!

आता इतिहासाकडे वळू. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं त्यांना गाठून, विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. त्यात हिराइसा यांचं नाव आदराने घेतलं जातं.

म्हणजे ग्रंथ वाचला तो दुसरीकडे, माणसांच्या स्मरणात, जपलेला होता म्हणून. पण एक नवी अडचण झाली. वेगवेगळ्या स्मरणांतून वेगवेगळे पाठ तयार झाले. एखादी लीळा एका पाठात आहे, दुसऱ्यात नाही. कुठे शब्द बदललेले. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. अशा संपादकाला अनेक पोथ्या समोर ठेवून पाठ ताडून पाहावे लागतात. कोणता बदल कुणी, कधी केला, हे पोथी स्वतःहून सांगत नाही.

क्लाउडने नेमकी इथेच मदत केली. गूगल डॉक्स २००६ मध्ये आलं, ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये, गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये. फाईल एका जागी राहते आणि प्रत्येक यंत्र तिथूनच ती उघडतं. शिवाय कोणता बदल कधी झाला, याची नोंद राहते. जुनी आवृत्ती परत आणता येते. कोलत्यांना जी मेहनत करावी लागली, त्यातली थोडी तरी आपली वाचते.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक केलेल्या फोल्डरातून लॅपटॉपवर फाईल पुसली, तर ती मोबाईलवरूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. सगळ्या यंत्रांवर दिसत असली तरी हिशेबाला ती एकच प्रत आहे.

म्हणून मी आता हे पाळतो:

१. प्रकरणाची चालू फाईल एकच. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच फायनल’ असली नावं बंद.

२. रेंज नसेल तिथे मूळ फाईलला हात लावायचा नाही. सुचलेलं वेगळ्या टिपणात, तारीख घालून लिहायचं आणि घरी आल्यावर उतरवायचं.

३. दर रविवारी पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायचं, फोल्डरला तारखेचं नाव द्यायचं आणि पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवायचा.

४. सरांना पाठवलेली प्रत वेगळी जपायची. त्यांचे शेरे कोणत्या मजकुरावर आहेत, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

कुणी म्हणेल, हे तर तांत्रिक काम झालं, यात संशोधन कुठे आलं? उद्या व्हायवात विचारतील, ‘हा आकडा का बदललात?’ तेव्हा उत्तर आठवणीतून द्यायचं की नोंदीतून दाखवायचं, हे तुम्ही आज ठरवताय. हिराइसांसारखं स्मरण आपल्यापैकी किती जणांकडे आहे? माझ्याकडे तरी नाही.

तेव्हा हे वाचून झालं की आधी आपला प्रबंधाचा फोल्डर उघडा. एकाच प्रकरणाच्या किती प्रती पडल्यात, मोजा. त्यातली खरी कोणती, हे अर्ध्या मिनिटात सांगता आलं नाही, तर या रविवारी दुसरं काही करू नका.