चेंबरगळती, अ‍ॅम्बेसेडर मोटारीची

अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाखाली बसवलेल्या ऑइल संपमधून (गॅरेजमध्ये ‘चेंबर’) तेल झिरपणे किंवा ठिबकणे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ च्या धर्तीवर ही गाडी बनवली. उत्पादन २०१४ मध्ये थांबले. येथील विवेचन १९५९ पासून बसवलेल्या १,४८९ घ.सें.मी.च्या बीएमसी बी-सिरीज पेट्रोल इंजिनापुरते आहे.

रचना : चेंबर दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा असतो. त्याच्या कडा आणि इंजिन ब्लॉक यांमध्ये कॉर्कचे पॅकिंग, तर पुढच्या व मागच्या मेन बेअरिंग कॅपपाशी कॉर्कच्या पट्ट्या असतात. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नसते. तेथे क्रँकवर कोरलेले आटे इंजिन फिरत असताना तेल आत परतवतात.

कारणे : कॉर्क सुकून आक्रसतो. गळती थांबावी म्हणून बोल्ट आवळत गेल्यास भोकांभोवतीचा पत्रा फुगतो आणि दोन बोल्टांमध्ये फट पडते. दगड किंवा गतिरोधक लागून चेंबर चेपतो वा चिरतो. ड्रेन बोल्टचा वॉशर दबलेला किंवा आटे गेलेले असू शकतात. ब्रीदर (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी वाट) तुंबल्यास क्रँककेसमधला दाब वाढून तेल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते.

निदान : चेंबर ओला दिसला तरी गळती तिथलीच असेल असे नाही. इंजिनाच्या बाजूच्या टॅपेट कव्हरांमधून ओघळलेले तेलही खाली चेंबरच्या कडेवर येऊन साचते. म्हणून इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करावे, टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडे चालवावे आणि पावडर सर्वांत वर कुठे भिजते ते पाहावे. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाच्या छिद्रातून इंजिन ऑइल ठिबकत असेल, तर संशय मागच्या बेअरिंगकडे जातो.

दुरुस्ती : तेल कोमट असताना काढावे, गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. चेंबर उतरवून गाळ आणि तेलाची जाळी साफ करावी. जुने पॅकिंग पूर्ण खरवडावे. कडेचा फुगवटा लाकडी ठोकळ्यावर हलके ठोकून सपाट करावा. नव्या पॅकिंगचे यश मुख्यतः यावर ठरते. चीर असल्यास चेंबर तेलमुक्त धुऊन ब्रेझिंग करतात. एम-सीलसारखे लुकण तात्पुरते. सुकून ताठ झालेल्या कॉर्कच्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवल्यास न मोडता वळतात. बोल्ट मधून टोकांकडे, आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने आवळावेत. या इंजिनकुलातील चेंबरच्या बोल्टांना सुमारे ६ फूट-पौंड (८ न्यूटन-मीटर) एवढाच जोर पुरतो.

मर्यादा : आट्यांची मागची रचना इंजिन बंद असताना तेल अडवत नाही, त्यामुळे थोडे ठिबकणे स्वाभाविक मानतात. ठिबक वाढल्यास आधी ब्रीदर साफ करावा. बेअरिंग झिजले असेल तर चेंबरचे पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी फरक पडत नाही.