कोड आवरताना टाइप किती कामाला येतात? स्टॅटिक आणि डायनॅमिक टायपिंगचा हिशोब

अ‍ॅप अपडेट केलं, सगळं नीट चालतंय, पण 'ऑर्डर कॅन्सल' दाबलं की अ‍ॅप बंद. तुमच्याही फोनवर असं झालं असेल. यामागे दरवेळी नवीन फीचरच असतं असं नाही. कधी कधी कोणीतरी जुना कोड आवरायला घेतलेला असतो. अ‍ॅपचं वागणं तेच ठेवून आतली रचना सुधारणं म्हणजे रिफॅक्टरिंग. ते किती धोक्याचं ठरेल, हे बरंचसं भाषेच्या टायपिंगवर अवलंबून असतं.

कोटलिन, जावा, स्विफ्ट या स्टॅटिक भाषा. कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय बसणार, हे प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर तपासतो. पायथन, जावास्क्रिप्ट, रुबी या डायनॅमिक. त्यांत ही तपासणी प्रोग्राम चालताना, ती ओळ आली की होते.

समजा, ऑर्डरमधल्या 'टोटल' या फील्डचं नाव बदलून 'बिलटोटल' केलं. कोटलिनमध्ये जुनं नाव जिथे जिथे राहिलंय, तिथे एरर येते. ती यादी म्हणजेच तुमची कामाची यादी. पायथनमध्ये प्रोग्राम आरामात सुरू होतो. जुनं नाव वाचणारी ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हाच तो पडतो, आणि रिफंडची ओळ कदाचित आठवड्यातून एकदाच चालते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या नावात कुठे किंमत भरली जात असेल, तर साध्या ऑब्जेक्टवर पायथन गुपचूप नवीन फील्ड तयार करतो. क्रॅश नाही, फक्त बिल चुकीचं! सर्च करून शोधावं तर 'टोटल' कार्टमध्येही असतं आणि रिपोर्टमध्येही. त्यातलं आपलं कुठलं?

म्हणून डायनॅमिक भाषेत रिफॅक्टरिंग होतच नाही, असं मात्र समजू नका. आपोआप रिफॅक्टरिंग करणारं सुरुवातीचं गाजलेलं टूल, 'रिफॅक्टरिंग ब्राउझर', स्मॉलटॉक या डायनॅमिक भाषेसाठीच बनलं होतं. १९९० च्या दशकात, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. त्याची एक युक्ती भारी होती: मेथडचं नाव बदललं की जुन्या नावावर पहारा बसवायचा, प्रोग्राम चालवायचा आणि जो कोणी जुन्या नावाने हाक मारेल, तिथला कोड तिथल्या तिथे बदलायचा. अर्थात जी ओळ चाललीच नाही, ती सुटली. म्हणजे गाडी परत टेस्टवरच आली.

स्टॅटिकचीही किंमत आहे. फंक्शनचं उत्तर 'कधी कधी रिकामं' असू शकतं असं केलं, की ते वापरणाऱ्या साठ ठिकाणी दुरुस्ती. ती झाल्याशिवाय एक स्क्रीनसुद्धा चालवून बघता येत नाही. पायथनमध्ये एकच जागा बदलून 'जमतंय का' ते लगेच कळतं. रचना अजून ठरत नसेल तेव्हा मला हेच आवडतं.

आणि टाइपला अर्थ कळत नाही. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते. ४९९ रुपये म्हणजे ४९९००. रिफॅक्टरिंगमध्ये कोणी रुपयांचं फंक्शन पैशांचं केलं, तरी दोन्हीकडे आकडाच. कंपायलर गप्प, आणि बिल शंभरपट किंवा शंभरावा भाग. 'रुपये' आणि 'पैसे' असे दोन वेगळे टाइप केले, तरच तो अडवतो. स्टॅटिक भाषा घेऊनही हे न करणारेच जास्त दिसतात.

मधला रस्ताही आहे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जावास्क्रिप्टवर टाइप चढवणारी टाइपस्क्रिप्ट आणली. २०१५ मध्ये पायथन ३.५ सोबत टाइप हिंट्स आल्या. पण पायथन स्वतः त्या हिंट्स तपासत नाही, त्यासाठी 'मायपाय'सारखं टूल वेगळं चालवावं लागतं. टाइपस्क्रिप्टचे टाइपही चालताना उरत नाहीत. सर्व्हरने आकड्याऐवजी अक्षरं पाठवली, तर ती आत येतातच.

सगळ्या जुन्या कोडला एकदम हिंट्स लावत बसू नका. ज्या फाइलला हात घालणार आहात तिथे, आणि ऑर्डर, युजर, पेमेंट अशा सगळीकडे फिरणाऱ्या क्लासेसना आधी लावा. मायपाय चालवा, एरर शून्यावर आणा आणि मगच नाव बदला.