कंपवात : लक्षणांवर उतार, वेगाला लगाम मात्र नाही

हातांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि मंदावलेल्या हालचाली ही पार्किन्सन्स अर्थात कंपवात या विकाराची ठळक लक्षणे होत. लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्याला दोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी विकाराची वाटचाल मंदावते असे निर्विवादपणे सिद्ध झालेले एकही औषध आजवर हाती आलेले नाही.

उणीव भरून काढणारे औषध

मेंदूतील 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या भागातील पेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात. हालचालींच्या नियंत्रणासाठी ते अत्यावश्यक असते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची कमतरता असल्याचे व्हिएन्ना येथील ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. मेंदूत डोपामाइनमध्ये रूपांतरित होणारे लेव्होडोपा हे औषध त्यातूनच पुढे आले. आयुर्वेदाला परिचित असलेल्या खाजकुइलीच्या बियांमध्येही हेच द्रव्य असते. मात्र लेव्होडोपा केवळ उणीव भरून काढते. पेशींचा ऱ्हास थांबवत नाही.

सिद्ध करणे का अवघड?

अमेरिका व कॅनडातील ८०० रुग्णांवर १९८७ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व निष्प्रभ ठरले. सेलेजिलिन घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज उशिरा भासली. परंतु सेलेजिलिन स्वतःच लक्षणे काही प्रमाणात कमी करते. त्यामुळे विकार मंदावला की केवळ झाकला गेला, हे ठरवता आले नाही.

यावर तोडगा म्हणून एका गटाला आरंभापासून, तर दुसऱ्याला काही महिन्यांनी औषध देण्याची पद्धत अवलंबण्यात आली. पहिल्या गटाची आघाडी अखेरपर्यंत टिकली, तरच विकार मंदावला असे मानता येते. रासाजिलिनच्या २००९ मधील अशा चाचणीत रोजची १ मिलिग्रॅमची मात्रा या कसोटीस उतरली, २ मिलिग्रॅमची मात्र उतरली नाही. या विसंगतीमुळे ठोस निष्कर्ष निघू शकला नाही.

नवे लक्ष्य

पेशींमध्ये साचणाऱ्या गोळ्यांत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन असते, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. त्याला लक्ष्य करणाऱ्या प्रासिनेझुमॅब व सिनपानेमॅब या प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही.

मधुमेहावरील औषधांनीही आशा जागवली. फ्रान्समधील १५६ रुग्णांच्या चाचणीत लिक्सिसेनाटाइड घेणाऱ्यांच्या हालचालींची स्थिती वर्षभर जवळपास कायम राहिली, तर इतरांची खालावली. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांना मळमळीचा त्रास झाला. त्याच वर्गातील एक्झेनाटाइड २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले.

हालचालींतील दोष दिसू लागेपर्यंत या पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो, ही मूळ अडचण आहे. पाठीच्या कण्यातील द्रवात विकृत अल्फा-सिन्युक्लिन ओळखणाऱ्या तपासणीची उपयुक्तता २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासातून दिसून आली. त्यामुळे भविष्यातील चाचण्यांसाठी रुग्ण लवकर निवडता येतील, अशी अपेक्षा आहे.

रुग्णांसाठी बोध

लेव्होडोपा लवकर सुरू केल्यास विकार बळावतो, या भीतीने अनेक जण गोळ्या लांबणीवर टाकतात. नेदरलँड्समधील ४४५ रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात औषध ४० आठवडे लवकर वा उशिरा सुरू केल्याने विकाराच्या गतीत फरक आढळला नाही. म्हणजेच लेव्होडोपा विकार मंदावत नाही, तसे तो वाढवतही नाही. त्यामुळे केवळ भीतीपोटी त्रास सोसण्याचे कारण नाही. नियमित व्यायामाचा लाभ हालचालींना होतो. त्याने ऱ्हास मंदावतो का, याचा अभ्यास सुरू आहे. औषधांत बदल मात्र मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा. विकार कायमचा थांबवण्याच्या जाहिरातींना आज तरी कोणताही आधार नाही.